मोत्यांच्या दागिन्यांची बाजारपेठ मोजताना

वाचकाचे पत्र: मोत्यांच्या दागिन्यांचे ऑनलाइन दुकान सुरू करण्याचा माझा विचार आहे. गोड्या पाण्यातील मोती आणि अकोया, म्हणजे मुख्यतः जपानमध्ये पिकवले जाणारे खाऱ्या पाण्यातील मोती, दोन्हींचे दागिने ठेवावेत असे मनात आहे. व्यवसायाचा आराखडा लिहायला घेतला, पण ‘बाजारपेठेचा आकार’ या प्रकरणापाशी काम अडले आहे. इंटरनेटवर दोन बाजार-अहवालांचे सारांश सापडले. दुसऱ्यातला आकडा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. भांडवल देऊ इच्छिणारे नातेवाईक नेमका हाच प्रश्न विचारत आहेत. कोणता आकडा धरावा? पूर्ण अहवाल बराच महाग आहे. तो विकत घ्यावा का? आणि मालाची पहिली खरेदी या अभ्यासाआधी करावी की नंतर?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला सापडलेले दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येपुरते बरोबर असू शकतात, आणि तरीही त्यांपैकी एकही तुमच्या आराखड्यात उपयोगी पडणार नाही. एका अहवालात केवळ सुटे मोती मोजले असतील, तर दुसऱ्यात तयार दागिने. एकाने घाऊक किंमत धरली असेल, दुसऱ्याने किरकोळ. नकली मोत्यांचे दागिने आत घेतले की बाहेर ठेवले, एवढ्या एका निर्णयानेही आकडा कुठल्या कुठे जातो. त्यातही एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सोन्याच्या अंगठीत एक मोती जडवला आणि ती अंगठी ‘मोत्याचा दागिना’ म्हणून पूर्ण किमतीने मोजली, तर त्या किमतीतला मोठा वाटा सोन्याचाच असतो. सोन्याचा भाव चढला की एकही मोती जास्त न विकता मोत्यांची बाजारपेठ वाढलेली दिसते. म्हणून अहवाल विकत घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका आणि व्याप्ती सांगणारे पान मागवा. ते बहुधा विनामूल्य मिळते. त्यात मोत्याची व्याख्या, किमतीची पातळी आणि मोजणीची पद्धत स्पष्ट लिहिलेली नसेल, तर आतल्या आकड्यांवरही विसंबता येणार नाही. माझे मत विचाराल तर, तुमच्या पातळीच्या व्यवसायाने हा खर्च करू नये. तो पैसा पुढे सांगितलेल्या छोट्या चाचणीसाठी राखून ठेवावा.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागेल, आणि तो मालाविषयीचा आहे. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवण्यात यश आले आणि पुढच्या काही दशकांत संवर्धित, म्हणजे कल्चर्ड मोत्यांनी बाजार व्यापला. आज दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक अस्सल मोती संवर्धित असतो. नैसर्गिक मोती ही लिलाव आणि संग्राहकांची वेगळी दुनिया आहे, तिचा आकडा तुमच्या हिशेबात येऊच देऊ नका. संवर्धित मोत्यांतही पुरवठ्याची रीत इतकी भिन्न आहे की किंमत आणि ग्राहक दोन्ही बदलतात. गोड्या पाण्यातील मोत्यांचे उत्पादन बहुतांशी चीनमध्ये होते आणि तिथे एका शिंपल्यातून एका वेळी अनेक, कधी डझनावारी मोती निघतात. अकोयाच्या शिंपल्यात एक किंवा दोन मोती धरतात. दक्षिण समुद्री मोत्यांसाठी मोठ्या शिंपल्यात एका वेळी एकच मणी रोवतात आणि त्या मण्याभोवती मोती वाढतो. ते ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या पाण्यात तयार होतात. काळसर ताहिती मोती फ्रेंच पॉलिनेशियातून येतात. त्यामुळे वजनाने पाहिले तर गोड्या पाण्यातील मोत्यांचा वाटा प्रचंड दिसतो आणि मूल्याने पाहिले तर तो बराच आक्रसतो. कोणी वजनाचा आकडा सांगून बाजारपेठ फार मोठी असल्याचे पटवू लागले, तर हे ध्यानात ठेवा.

तुम्हाला गोड्या पाण्यातील मोती आणि अकोया दोन्ही ठेवायचे आहेत. त्याला हरकत नाही, पण ती एक बाजारपेठ समजू नका. रोज वापरायला साधे कानातले शोधणारी व्यक्ती आणि आयुष्यातल्या एखाद्या महत्त्वाच्या प्रसंगासाठी अकोयाची एकसारखी माळ शोधणारी व्यक्ती यांची शोधण्याची भाषा, निर्णयाला लागणारा वेळ, विक्रेत्याकडून हवी असलेली खात्री आणि पुन्हा खरेदीला येण्याची शक्यता यांत फारसे साम्य नसते. त्यात अलीकडे मणी रोवून वाढवलेले मोठ्या आकाराचे गोड्या पाण्यातील मोती आले आहेत. ‘एडिसन’ या व्यापारी नावाने ओळखले जाणारे मोती त्यांपैकीच. पूर्वी दक्षिण समुद्री मोत्यांतच मिळणारा आकार आता कमी किमतीत मिळू लागल्याने जुन्या सीमारेषा पुसट झाल्या आहेत. म्हणून आराखड्यात दोन स्वतंत्र तक्ते करा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक वाक्य लिहा: कोणता मोती, कोणता दागिना, किमतीचा कोणता टप्पा, घेणारा कोण आणि कोणत्या प्रदेशात. हे वाक्य पक्के झाल्याशिवाय पुढचा एकही आकडा शोधू नका.

आता सरकारी आकड्यांकडे येऊ. ते विनामूल्य आहेत आणि नीट वाचले तर बरेच काही सांगतात. घाईने वाचले तर तितकीच दिशाभूल करतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गीकरण पद्धती १९८८ पासून लागू आहे आणि तिच्यातील ७१ वे प्रकरण मोती, रत्ने, मौल्यवान धातू आणि दागिन्यांचे आहे. त्यात ७१०१ या शीर्षकाखाली सुटे मोती येतात. वाहतुकीच्या सोयीसाठी तात्पुरते ओवलेलेही त्यातच धरतात. ७१०११० म्हणजे नैसर्गिक मोती, ७१०१२१ म्हणजे प्रक्रिया न केलेले संवर्धित मोती आणि ७१०१२२ म्हणजे प्रक्रिया केलेले संवर्धित मोती. मोत्यांपासून आणि रत्नांपासून केलेल्या वस्तू ७११६ मध्ये, सोन्याचांदीचे दागिने ७११३ मध्ये आणि नकली दागिने ७११७ मध्ये जातात. देशोदेशीची आयात-निर्यात या क्रमांकांनुसार संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या संकेतस्थळावर पाहता येते. वर्षभराची आयात, तिच्यात देशातील उत्पादन मिळवायचे आणि निर्यात वजा करायची, की त्या देशात साधारण किती मूल्याचे मोती खपले याचा ढोबळ अंदाज मिळतो.

यात अडचणी मात्र अनेक आहेत. पहिली म्हणजे सहा अंकी वर्गीकरणात गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील मोत्यांचा भेदच नाही. काही देश पुढचे अंक स्वतःच्या सोयीने जोडतात, तेव्हा तुम्ही जिथे विकणार त्या देशाचे तपशीलवार सीमाशुल्क पत्रक जरूर पाहा. तिथेही भेद नसेल तर मूल्याला वजनाने भागून पाहा. ज्या देशाहून आलेल्या मालाचे किलोमागील मूल्य फारच कमी आहे तिथून प्रामुख्याने गोड्या पाण्यातील मोती येतात, जिथे ते अनेक पटींनी जास्त आहे तिथून खाऱ्या पाण्यातील, असा तर्क बऱ्याच अंशी खरा ठरतो. दुसरी अडचण जडवलेल्या मोत्यांची. चांदीत किंवा सोन्यात बसवलेला मोती ७११३ मध्ये गेला की तो दिसेनासा होतो, कारण त्या शीर्षकात मोत्यांचे दागिने वेगळे काढलेले नाहीत. तिसरी अडचण हाँगकाँगची. मोत्यांच्या जागतिक व्यापाराचे ते मोठे केंद्र आहे. प्रदर्शनांसाठी आणि लिलावांसाठी माल तिथे जातो, काही विकला जातो, काही परत येतो, काही तिथूनच तिसऱ्या देशात जातो. त्यामुळे एकच माल दोनदा, कधी त्याहूनही जास्त वेळा मोजला जाऊ शकतो. सगळ्या देशांच्या निर्यातीची बेरीज करून ‘जागतिक बाजारपेठ’ काढण्याचा मोह म्हणूनच टाळा.

चौथी अडचण सर्वांत फसवी आहे, आणि तुमच्या अकोयाच्या तक्त्याशी तिचा थेट संबंध आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात जपानच्या एहिमे आणि मिए या प्रांतांत अकोयाचे कोवळे शिंपले मोठ्या संख्येने मेले. मोती तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे या तुटवड्याचा परिणाम पुढील वर्षांत जाणवला. कोरोनाच्या महासाथीनंतर चीनमधून मागणी उसळली तेव्हा पुरवठा आधीच आखडलेला होता आणि भाव वेगाने चढले. २०२३ मध्ये जपानच्या मोती निर्यातीचे मूल्य आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले. हा आकडा आलेखावर पाहणाऱ्याला वाटेल की ग्राहक दुप्पट झाले. वास्तविक त्यातला मोठा भाग भाववाढीचा होता, आणि महागलेला माल विकत घेऊन त्यावर दागिने करणाऱ्या लहान विक्रेत्यासाठी ती आनंदाची बातमीच नव्हती. म्हणून कोणत्याही वाढीच्या दराकडे पाहताना मूल्य आणि वजन या दोन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवा. मूल्य वाढले आणि वजन तसेच राहिले किंवा घटले, तर तुमच्या आराखड्यात त्याची नोंद ‘मागणी’ या सदरात नको, ‘कच्च्या मालाची जोखीम’ या सदरात करा.

कुटुंबांच्या खर्चाच्या सरकारी पाहण्यांतूनही दागिन्यांवरील खर्च कळतो, पण त्या वर्गीकरणात दागिने आणि घड्याळे बहुधा एकत्र असतात आणि मोती वेगळे नसतातच. तेव्हा कोणत्या उत्पन्नगटाची कुटुंबे दागिन्यांवर खर्च करतात, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग करा.

तुमच्या कामाला त्याहून जवळचा स्रोत म्हणजे लोकांचे शोध. गुगल ट्रेंड्सवर शून्य ते शंभर असा आलेख दिसतो. ती शोधांची संख्या नसून निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदूशी केलेली तुलना असते. शंभर म्हणजे एक लाख शोधही असू शकतात आणि एक हजारही. हंगाम ओळखण्यासाठी मात्र हे साधन उत्तम आहे. निदान पाच वर्षांचा आलेख काढा, म्हणजे दरवर्षी कोणत्या महिन्यांत उठाव येतो आणि एखाद्या वर्षीची उसळी ही निव्वळ फॅशनची लाट होती का, हे कळेल. प्रत्यक्ष संख्येसाठी गुगलचे कीवर्ड प्लॅनर, म्हणजे जाहिरातदारांना शोधांची संख्या दाखवणारे साधन, वापरा. जाहिरातीवर खर्च नसलेल्या खात्याला ते बहुधा रुंद पल्ला दाखवते, तोही सुरुवातीला चालेल. नुसते ‘मोती’ किंवा ‘पर्ल’ शोधू नका. ते माणसांचे नाव असते, रंगाचे असते, पेयातल्या गोळ्यांचेही असते. ‘गोड्या पाण्यातील मोत्यांचे कानातले’, ‘अकोया मोत्यांची माळ’ अशा पूर्ण शब्दसमूहांची यादी करा आणि त्यांतही खरेदीचा हेतू दिसणारे वेगळे काढा. खरा मोती कसा ओळखावा, असे विचारणारा माणूस कदाचित घरातली जुनी माळ तपासत असेल. तो तुमचा ग्राहक असेलच असे नाही.

यानंतर स्पर्धकांकडे पाहा, आणि येथे घाई करू नका, कारण या अभ्यासातून मला सर्वाधिक विश्वासार्ह माहिती मिळताना दिसते. एट्सीसारख्या बाजारस्थळावर दुकानाच्या पानावर आजवरच्या एकूण विक्रीची संख्या दिसते. तुमच्या दोन्ही तक्त्यांत बसणारी प्रत्येकी आठ-दहा दुकाने निवडा, आज ती संख्या टिपा, महिन्याने पुन्हा टिपा. दोहोंतील फरक म्हणजे त्या महिन्याची विक्री. दुकानात इतर वस्तूही असतील तर मोत्यांचा वाटा किती ते अलीकडच्या अभिप्रायांवरून अजमावा. जिथे विक्रीची संख्या दिसत नाही तिथे अभिप्रायांची वाढ मोजा, पण तिचा वापर दुकानांची आपसांतील तुलना करण्यापुरताच ठेवा, कारण किती ग्राहकांमागे एक जण अभिप्राय लिहितो हे दुकानागणिक बदलते. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या जाहिरात संग्रहात स्पर्धकांच्या चालू जाहिराती कोणालाही पाहता येतात. एखादी जाहिरात महिनोन्‌महिने तशीच चालू असेल, तर ती खर्च भरून काढत असावी असे मानायला जागा आहे.

किमतींची तुलना करताना एक सावधगिरी बाळगा. मोत्यांना जगभर मान्य असलेली एकच प्रतवारी नाही. एका विक्रेत्याचा ‘एएए’ दुसऱ्याकडे ‘एए’ ठरू शकतो. अमेरिकेतील रत्नशास्त्र संस्था, म्हणजे जीआयए, मोत्याचे मूल्य सात गोष्टींवरून ठरवते: आकारमान, घडण, रंग, तेज, पृष्ठभाग, मौक्तिक थराची (मोत्याच्या चमकदार आवरणाची) प्रत आणि माळेतील मोत्यांचा परस्परमेळ. तुमच्या तक्त्यात अक्षरी प्रतवारीऐवजी या सातांपैकी जेवढे पानावर दिलेले असेल तेवढे नोंदवा. किती स्पर्धक ही माहिती देतच नाहीत हेही तुमच्या लक्षात येईल. ग्राहकाला मोत्याचे पाणी पडद्यावर पारखता येत नाही. ही उणीव जो विक्रेता प्रामाणिक वर्णनाने, चांगल्या छायाचित्रांनी आणि परतीच्या स्वच्छ अटींनी भरून काढतो, त्याच्यासाठी त्याच बाजारपेठेतला मिळवता येण्याजोगा वाटा मोठा होतो.

पंधरा-वीस संभाव्य ग्राहकांशी बोला, पण मित्र आणि नातेवाईक त्यात नकोत. ‘माझ्याकडून घ्याल का?’ असे विचारू नका; होकार देणे फुकट असते. शेवटचा मोत्याचा दागिना कधी घेतला, कोणासाठी, त्याऐवजी दुसरे काय घेण्याचा विचार होता, किती खर्च केला आणि ऑनलाइन घेतला नसेल तर का, हे विचारा. भेट म्हणून घेणारे आणि स्वतःसाठी घेणारे वेगळे मोजा. या उत्तरांतून पुनर्खरेदीचा अंदाजही येतो, आणि तो मोत्यांच्या बाबतीत कळीचा आहे, कारण चांगली माळ एकदा घेतलेला माणूस दुसरी माळ घ्यायला लवकर येत नाही.

आता हे सगळे एका हिशेबात आणू. पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, तुमच्या विक्रीच्या प्रदेशात गोड्या पाण्यातील मोत्यांच्या दागिन्यांसाठी खरेदीच्या हेतूने महिन्याला २०,००० शोध होतात. त्यांतले ३ टक्के लोक तुमच्या पानावर आले तर ६०० भेटी होतील आणि त्यांतल्या दीड टक्का लोकांनी खरेदी केली तर महिन्याला ९ मागण्या (ऑर्डर), वर्षाला १०८. आता वाईट बाजू पाहा: १ टक्का लोक आले आणि त्यांतल्या १ टक्क्याने घेतले, तर महिन्याला २ आणि वर्षाला २४ मागण्या. चांगली बाजू: ५ टक्के आले आणि २ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याला २० आणि वर्षाला २४०. म्हणजे शोधांची संख्या तीच असूनही उत्तरात दहापट अंतर पडले. हे अंतर एकूण बाजारपेठेच्या आकारामुळे पडलेले नाही. तुमच्यापर्यंत किती लोक पोहोचतात आणि त्यांतले किती विकत घेतात, या दोन गोष्टींमुळे पडले आहे. महागड्या अहवालात नेमक्या याच दोन गोष्टी मिळत नाहीत. त्या मिळवायच्या असतील तर एक साधे पान, चार-पाच दागिन्यांची प्रामाणिक छायाचित्रे आणि मर्यादित रकमेची जाहिरात यांनी चार ते सहा आठवडे चाचणी घ्यावी लागते. माल हाती नसेल तर पैसे स्वीकारू नका. ‘उपलब्ध झाल्यावर कळवा’ अशी नोंदणी ठेवा आणि ते पानावर स्पष्ट लिहा. नोंदणी करणारे सगळे पुढे खरेदी करत नाहीत, म्हणून हिशेबात त्यांच्यापैकी थोडेच धरा. शोधाव्यतिरिक्त समाजमाध्यमांवरून किंवा बाजारस्थळांवरून येणारे ग्राहक वेगळ्या ओळीत मांडा, शोधांच्या आकड्यात मिसळू नका.

वर्षाच्या मागण्यांना सरासरी मागणीच्या किमतीने गुणले की उलाढाल मिळते. त्यातून परत आलेला माल, मालाची किंमत, वेष्टन, टपाल, पैसे भरण्याच्या सेवेचे शुल्क आणि एक ग्राहक मिळवण्यासाठी लागलेला जाहिरातीचा खर्च वजा करा. अकोयाच्या तक्त्यात मागण्या कमी आणि रक्कम मोठी असेल, तेव्हा तिथे एक-दोन माळा परत आल्या तरी महिन्याचे गणित बदलते. हे दोन तक्ते वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण तेच.

नातेवाईकांना दाखवायच्या आराखड्यात ‘बाजारपेठेचा आकार’ या शीर्षकाखाली तीन पातळ्या लिहा. पहिली, तुमच्या विक्रीच्या प्रदेशातील सुट्या मोत्यांचा ढोबळ खप, सीमाशुल्काच्या आकड्यांवरून काढलेला आणि वर सांगितलेल्या त्रुटींसह. दुसरी, तुमच्या वाक्यात बसणारे दागिने ऑनलाइन शोधणारे लोक आणि निवडलेल्या स्पर्धकांची मोजलेली विक्री. तिसरी, पहिल्या वर्षात तुम्हाला मिळू शकतील अशा मागण्यांचा वाईट, मध्यम आणि चांगला अंदाज. प्रत्येक आकड्यापुढे तो मोजला आहे की गृहीत धरला आहे, हे लिहा. जागतिक बाजारपेठेचा एक टक्का मिळवू, अशा आशयाचे वाक्य कुठेही लिहू नका. पैसा देणाऱ्या जाणत्या माणसाचा विश्वास तेवढ्याने उडतो.

मालाची खरेदी या चाचणीनंतरच करा, आणि तीही प्रथम गोड्या पाण्यातील मोत्यांची, दोन-तीन घडणींपुरती. अकोयाचे भाव पुरवठ्याच्या धक्क्यांनी किती हलतात ते वर आलेच आहे. त्यात भांडवल गुंतवण्याआधी किमान तीन महिन्यांची खरी विक्री हाती येऊ द्या आणि गृहीत धरलेल्या टक्केवारीच्या जागी तुमच्या दुकानाची टक्केवारी भरा. मध्यम अंदाजातसुद्धा एका मागणीवरचा नफा ग्राहक मिळवण्याच्या खर्चापेक्षा कमी पडत असेल, तर जाहिरात वाढवून तो भरून निघत नाही. अशा वेळी तक्त्याच्या डोक्यावरच्या वाक्यातला किमतीचा टप्पा, दागिना किंवा प्रदेश बदला आणि नव्या वाक्याने तक्ता पुन्हा मांडा.